लास वेगासला बायकोला जॅकपॉट लागला, ३० टक्के तिथेच कापले. आता पुढे काय?

नौपाडेकर | ४ डिसेंबर २०२५

नमस्कार मंडळी. मी ठाण्याचा, बँकेतून निवृत्त झालोय, वय ६४. सध्या आम्ही दोघं लेकीकडे कॅलिफोर्नियाला आहोत. १८ तारखेला परतीचं विमान आहे, त्याआधी जाणकारांशी बोलून घ्यावं म्हणून हा धागा काढतोय.

२२ नोव्हेंबरला शनिवारी जावयांनी लास वेगास दाखवायला नेलं. एका हॉटेलच्या तळमजल्यावर हिने वीस डॉलर घालून स्लॉट मशीनवर बटण दाबलं. चार-पाच वेळा काहीच नाही. मग एकदम मशीन गोठलं, वरचा दिवा उघडझाप करायला लागला आणि पडद्यावर आकडा आला ४,१२०. हिला वाटलं मशीन बिघडलं. ती उठून जायलाच निघाली होती, जावयांनी हाताला धरून बसवलं.

पाच-सात मिनिटांनी एक बाई आल्या. पासपोर्ट मागितला, कुठल्या देशाचे ते विचारलं, एका फॉर्मवर सही घेतली. परत आल्या तेव्हा शंभर-शंभरच्या नोटा आमच्यासमोर मोजल्या. २,८८४ डॉलर. १,२३६ डॉलर कर म्हणून कापलेले. सोबत एक कागद दिला, त्यावर १०४२-एस असं लिहिलंय.

माझे प्रश्न असे:

एक, हे १,२३६ डॉलर परत मिळतात का? लेकीच्या ओळखीतल्या कुणीतरी एका एजंटाचा पत्ता दिलाय. तो म्हणतो, परदेशी पाहुण्यांचा कसिनो कर आम्ही सोडवून देतो. फी आधी द्यायची आणि पासपोर्टची प्रत पाठवायची.

दोन, भारतात यावर पुन्हा कर आहे का? हिला स्वतःचं उत्पन्न म्हणजे मुदत ठेवींचं थोडं व्याज, बस. बारा लाखांपर्यंत कर नाही म्हणतात, मग हिला लागायला नको ना?

तीन, रोख रक्कम मुंबई विमानतळावर दाखवावी लागेल का? आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे मोजले, एका पैशाचा घोळ होऊ दिला नाही. आता उतारवयात कुठल्या नियमात चुकायचं नाहीये.

---

घोडबंदर_रोड | ४ डिसेंबर

अभिनंदन काका, काकूंना विशेष.

मशीन बिघडलं नव्हतं. स्लॉटवर एका डावात १,२०० डॉलर किंवा त्याहून जास्त लागले की मशीन आपोआप बंद पडतं आणि माणूस येऊन कागदपत्रं केल्याशिवाय पुढे चालत नाही. ही मर्यादा १ जानेवारी २०२६ पासून २,००० डॉलर होतेय, नव्या वर्षात जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. अमेरिकेचा करदाता असेल तर त्याला डब्ल्यू-२जी नावाचा फॉर्म मिळतो आणि तो वर्षाअखेरीस आपल्या रिटर्नमध्ये हिशेब करतो. तुमच्यासारख्या पाहुण्याचे ३० टक्के जागेवरच कापतात आणि १०४२-एस हातात देतात. त्यातल्या त्यात बरं म्हणजे नेवाडा राज्याचा स्वतःचा आयकर नाही, नाहीतर राज्याचं वेगळं बघावं लागलं असतं.

एजंटाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पासपोर्टची प्रत पाठवू नका. बाकी मीनलताई सांगतील, त्यांना हाक मारतो.

---

कळवा_पूर्व | ४ डिसेंबर

काका, मुलगी ग्रीन कार्डवर आहे का? मग तिनेच जिंकलं असं दाखवता आलं असतं. आमच्या ओळखीत एकाने केलंय. तिला ३० टक्के कापून घ्यावे लागले नसते.

---

घोडबंदर_रोड | ४ डिसेंबर

@कळवा_पूर्व, कृपा करून हा सल्ला कुणाला देऊ नका. बटण काकूंनी दाबलं. डोक्यावर कॅमेरे असतात, आणि त्या फॉर्मवरची सही म्हणजे खोटं बोललो तर शिक्षेला पात्र आहे असं लिहून दिल्यासारखं असतं. चार हजार डॉलरसाठी लेकीचं तिथलं बस्तान धोक्यात घालायचं?

---

मीनल_वाशी | ५ डिसेंबर

काका, नमस्कार. मी सीए आहे, वाशीत प्रॅक्टिस करते. तुमच्यासारख्या एकदोन केसेस दरवर्षी येतात, आणि बहुतेकजण कागद हरवून येतात. म्हणून सगळ्यात आधी: तो १०४२-एस जपा. आत्ताच फोटो काढून लेकीला आणि स्वतःला पाठवा. बॉक्स १ मध्ये २८ हा कोड आहे का बघा, तो जुगारातल्या जिंकण्याचा. बॉक्स २ मध्ये पूर्ण रक्कम म्हणजे ४,१२० हवी आणि ७ए मध्ये कापलेले १,२३६. नाव काकूंच्या पासपोर्टवर आहे तसंच हवं.

आता प्रश्न पहिला. पैसे परत मिळणार नाहीत. काही देशांशी अमेरिकेचे असे करार आहेत की त्यांच्या रहिवाशांच्या कसिनोतल्या जिंकण्यावर अमेरिका कर घेत नाही. ब्रिटन, जर्मनी, जपान त्यात येतात. कॅनडाच्या रहिवाशांना जिंकलेल्यातून हरलेले पैसे वजा करता येतात. तुमचा एजंट धंदा करतो तो या लोकांच्या जिवावर, आणि त्यांच्यासाठी ते काम खरंही असतं. भारताच्या करारात अशी सूट नाही आणि आपल्याला हरलेले पैसेही वजा करता येत नाहीत. त्यामुळे १०४०-एनआर (परदेशी माणसाचं अमेरिकेतलं आयकर रिटर्न) भरून, करदाता क्रमांक काढून, फी देऊन हातात शून्य. पूर्ण कर कापलेला असल्याने तिथे रिटर्न भरायची सक्तीही नाही. तुम्ही भारतीय पासपोर्टवाले, भारताचे रहिवासी, हे कळल्यावरही जो एजंट फी आधी मागतो त्याच्यापासून लांब राहा.

प्रश्न दुसरा जास्त महत्त्वाचा, संध्याकाळी सविस्तर लिहिते.

---

सुधा_नेरुळ | ५ डिसेंबर

मीनलताई, वाट बघते. आमच्या भाच्याने सिंगापूरला मरिना बे सँड्समध्ये जिंकलं होतं. तिथल्या नागरिकांना नुसतं आत जायला दिवसाचे १५० सिंगापूर डॉलर भरावे लागतात, परदेशी माणूस पासपोर्ट दाखवून फुकट जातो. आणि जिंकलेल्यावर एक पैसा कर नाही कापला. तो म्हणाला तिथे माफ आहे म्हणजे विषय संपला. खरंच संपतो का?

---

मीनल_वाशी | ५ डिसेंबर, रात्री

सुधाताई, संपत नाही. सुरू होतो.

भारतात राहणाऱ्या माणसाचं जगभरातलं उत्पन्न इथे करपात्र आहे. लॉटरी, घोड्यांची शर्यत, पत्ते, जुगार यातून जिंकलेल्या रकमेवर कलम ११५बीबीखाली सरळ ३० टक्के, वर ४ टक्के सेस (उपकर), म्हणजे ३१.२ टक्के. खर्चाची वजावट नाही. हॉटेलचं बिल नाही, आधी घातलेले वीस डॉलर नाहीत, दुसऱ्या मशीनवर घालवलेले नाहीत.

काका, आणि हे नीट वाचा, कारण इथेच निवृत्त मंडळी फसतात. काकूंचं बाकी उत्पन्न शून्य असलं तरी या रकमेला मूळ सूट मर्यादा लागत नाही. बारा लाखांची जी गोष्ट आहे ती कलम ८७ए ची रिबेट, म्हणजे करातली सवलत, आणि अशा खास दराच्या उत्पन्नावर ती मिळत नाही. पहिल्या डॉलरपासून ३१.२ टक्के. आणि जिंकलंय काकूंनी, म्हणून पॅन काकूंचं, रिटर्न काकूंचं. तुमच्या रिटर्नमध्ये घालू नका.

पण तुम्ही तिथे भरलेले १,२३६ वाया जात नाहीत. भारत आणि अमेरिका यांच्यातल्या दुहेरी कर टाळण्याच्या कराराखाली तिथे भरलेला कर इथल्या करातून वजा होतो. इथला कर ४,१२० वर ३१.२ टक्के म्हणजे १,२८५ डॉलर ४४ सेंट. त्यातून १,२३६ गेले. उरले ४९ डॉलर ४४ सेंट. डॉलर ९० रुपये धरला तर साडेचार हजारांच्या आत. त्या एका कागदाची किंमत किती ते बघा. कागद नसेल तर हीच रक्कम एक लाख पंधरा हजारांच्या घरात जाते.

अर्थात प्रत्यक्षात आकडा थोडा हलेल, कारण दोन ठिकाणी दोन दर लागतात. उत्पन्न रुपयात आणताना स्टेट बँकेचा ३१ मार्च २०२६ चा टीटी बायिंग रेट (बँक आपल्याकडून डॉलर विकत घेते तो दर) घ्यायचा. तिथल्या कराची वजावट रुपयात आणताना मात्र कर कापला त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा, म्हणजे तुमच्या बाबतीत ३१ ऑक्टोबर २०२५ चा. समजा पहिला ९० निघाला आणि दुसरा ८८, तर उत्पन्न ३,७०,८०० रुपये, त्यावर कर १,१५,६९०, वजावट १,०८,७६८, भरायचे ६,९२२. रुपया घसरला की तुमच्या खिशातून जास्त जातात. मला हा नियम अन्यायाचा वाटतो, पण आहे तो असा आहे.

आयटीआर-१ चालणार नाही, आयटीआर-२ लागेल. त्यात परदेशी उत्पन्नाचं एफएसआय आणि कर सवलतीचं टीआर अशी दोन परिशिष्टं भरायची. आणि आयकराच्या पोर्टलवर फॉर्म ६७ (परदेशात भरलेल्या कराची वजावट मागण्याचा) वेगळा भरायचा, सोबत १०४२-एस जोडायचा. तो ३१ मार्च २०२७ पर्यंत भरता येतो, पण मी सगळ्यांना रिटर्नच्या आधीच भरायला लावते. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतोय, कलमांचे आकडे बदलतील, तुमचं हे वर्ष मात्र जुन्याच कायद्यात बसतं.

---

नौपाडेकर | ६ डिसेंबर

मीनलताई, काय बोलू. हिला वाचून दाखवलं. हिचं पॅन कार्ड आहे पण आजवर एकही रिटर्न भरलेलं नाही, तिची सगळी गुंतवणूक मीच बघतो. ती म्हणाली, "मग आता माझं स्वतःचं रिटर्न भरू या की." एजंटाला नको म्हणून कळवलं. त्यावर त्याने आज दुपारपर्यंत तीन फोन केले. शेवटी जावयांनी घेतला.

कागद तपासला. बॉक्स १ ला २८ आहे, रकमा बरोबर. पण नावात एक अक्षर चुकलंय. पासपोर्टवर शेवटी 'ई' आहे, इथे 'आय' टाइप झालाय.

---

मीनल_वाशी | ६ डिसेंबर

काका, तिथे आहात तोवर दुरुस्त करून घ्या. कसिनोच्या कर विभागाला ईमेल करा, पासपोर्टचं फोटोचं पान जोडा (हे त्यांना दिलेलं चालतं, त्यांनी आधीच बघितलंय). दुरुस्त प्रत मागा. इथे येऊन कागदाचं नाव आणि पॅनचं नाव जुळलं नाही की नोटीस आली तर उत्तरं देत बसावी लागतात.

---

कोलशेत२२ | ६ डिसेंबर

ताई, माझाही प्रश्न याच धाग्यात विचारतो. ऑक्टोबरमध्ये वेगासला ब्लॅकजॅकच्या टेबलावर १,९०० डॉलर जिंकलो. कुणी फॉर्म दिला नाही, काही कापलं नाही. चिप्स खिडकीवर दिल्या, रोख घेतली. आता हे वाचून पोटात गोळा आलाय. वय ४१, नोकरी.

---

मीनल_वाशी | ७ डिसेंबर

@कोलशेत२२, तुमचं काही चुकलेलं नाही. अमेरिकेच्या कायद्यातच परदेशी पाहुण्यांना ब्लॅकजॅक, बॅकराट, क्रॅप्स, रूले आणि बिग-६ चक्र यांवरच्या जिंकण्याला करमाफी आहे. टेबलावर प्रत्येक डावाची नोंद ठेवणं अवघड, म्हणून. स्लॉटला ती माफी नाही.

पण तिथे कर भरला नाही म्हणजे इथे वजा करायला काही नाही. १,९०० वर ३१.२ टक्के, म्हणजे ५९२ डॉलर ८० सेंट एवढा पूर्ण कर भारतात. काकूंनी जास्त जिंकलं आणि त्यांना इथे पन्नास डॉलर भरायचे, तुम्ही कमी जिंकलं आणि तुम्हाला सहाशेच्या आसपास. सुधाताईंच्या भाच्याचंही हेच, मकाऊहून येणाऱ्यांचंही हेच. काकू साठीच्या पुढे, म्हणजे ज्येष्ठ नागरिक असतील असं धरते, मग त्यांना आगाऊ कराची भानगड नाही. तुम्ही मात्र आगाऊ कराच्या पुढच्या हप्त्यात हा कर भरून टाका. आणि आज बसून तारीख, हॉटेलचं नाव, टेबल, रक्कम एका कागदावर लिहून ठेवा.

---

कोलशेत२२ | ७ डिसेंबर

लिहून ठेवलं. पोटातला गोळा गेला, खिसा हलका होणार ते होवो.

---

सानपाडा_लोकल | ८ डिसेंबर

तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी आलं नाही म्हणून लिहितो. मी बरीच वर्षं परकीय चलनाच्या व्यवसायात होतो.

काका, अमेरिकेतून बाहेर पडताना रोख किती न्यायची याला मर्यादा नाही, पण १०,००० डॉलरच्या वर असेल तर फिनसेन १०५ हा फॉर्म भरावा लागतो. कुटुंब एकत्र प्रवास करत असेल तर सगळ्यांची रक्कम एकत्र धरतात. नवऱ्याकडे सहा आणि बायकोकडे सहा हजार अशी वाटणी करून कुणी सुटत नाही, उलट लपवलं म्हणून सगळी रक्कम जप्त होऊ शकते.

मुंबईत उतरताना नोटा ५,००० डॉलरच्या वर असतील, किंवा नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक मिळून १०,००० च्या वर, तर कस्टम्सकडे करन्सी डिक्लेरेशन फॉर्म भरायचा, म्हणजे लाल चॅनेलने जायचं. तुमचे २,८८४ त्याच्या आत आहेत. जाताना नेलेल्यातले उरलेले डॉलरही त्यात मिळवून मोजा. चलनावर कस्टम्स ड्युटी नसते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. फॉर्म भरला की पैसे तुमचेच. बक्षीस म्हणून घड्याळ किंवा फोन मिळाला असेल तर ती वस्तू, तिला नेहमीचेच सामानाचे नियम, बक्षीस म्हणून माफी नाही.

घरी आल्यावर २,००० डॉलरपर्यंत नोटा जवळ ठेवता येतात. वरचे १८० दिवसांत बँकेत किंवा अधिकृत चलन विक्रेत्याकडे द्यायचे, पावती घ्यायची. स्टेशनबाहेरच्या ओळखीच्या माणसाकडे दोन रुपये जास्त मिळतात म्हणून जाऊ नका. ती पावतीच उद्या सांगेल की पैसे कुठून आले.

आणि एक अनुभव. माझ्या मेव्हण्याने रोख न घेता चेक घेतला होता. इथल्या बँकेने तो वसुलीला पाठवला, महिने गेले, वर शुल्क कापलं. तुम्ही रोख घेतलीत ते बरं केलं.

---

खारघर_सेक्टर | ९ डिसेंबर

विषयाला धरून एक कळकळीने सांगायचंय. माझ्या सासऱ्यांना उन्हाळ्यात फोन आला: तुम्हाला परदेशी लॉटरी लागली आहे, पाकीट विमानतळावर कस्टम्सने अडवलंय, 'क्लिअरन्स टॅक्स' भरा. फोनवरचा माणूस अधिकाऱ्याच्या भाषेत बोलत होता. सासऱ्यांनी दोन हप्त्यांत ६४ हजार भरले. तिसऱ्यांदा मागितले तेव्हा आम्हाला कळलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, थोडी रक्कम गोठवली गेली. सासरे त्यानंतर दोन महिने बागेतल्या कट्ट्यावर गेले नाहीत.

वर काकांच्या बाबतीत बघा: खरा कर जिंकलेल्या पैशातून कापला गेला. कर भरा मग रोख बक्षीस देतो, असं खरं कुणीही म्हणत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एवढं एकच वाक्य पाठ करून घ्या.

---

मीनल_वाशी | ९ डिसेंबर

@खारघर_सेक्टर, शंभर टक्के. आणि परदेशी लॉटरीचं तिकीट, फुटबॉल पूल, स्वीपस्टेक यासाठी इथून पैसे पाठवायलाच फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, चालू खाते नियमांत मनाई आहे. घरी बसून मोबाइलवर पैसे लावायचे खेळ तर २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने बंदच केलेत. तेव्हा तिकीट न काढता लागलेली लॉटरी जितकी खोटी, तितकंच काढलेलं तिकीटही अडचणीचं.

---

सुधा_नेरुळ | १० डिसेंबर

उलट बाजूही विचारते. टोरंटोची पुतणी डिसेंबरात येतेय, गोव्याला मांडवीतल्या कसिनोच्या बोटींवर जायचं म्हणतेय. ती कॅनडाची नागरिक. तिला इथे कर लागतो का?

---

मीनल_वाशी | १० डिसेंबर

लागतो. ११५बीबी रहिवासी आणि परदेशी असा भेद करत नाही. १०,००० च्या वर जिंकलं तर टीडीएस कापायची जबाबदारी देणाऱ्यावर, तिच्याकडून सेस धरून ३१.२ टक्के. टीडीएस प्रमाणपत्र तिने मागून घ्यावं. खेळायला घालताना जीएसटी वेगळा, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झालाय. आणि रुपये बाहेर नेताना २५,००० ची मर्यादा सांभाळायची.

आपल्या राज्यात हा प्रश्नच येत नाही. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कसिनोंचा कायदा केला, तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. मला वाटतं, आपल्याकडच्या माणसांना यातले नियम माहीत नसतात त्याचं हेही एक कारण.

---

नौपाडेकर | ११ जानेवारी २०२६

मंडळी, पोचलो. धाग्याचं ऋण म्हणून शेवटपर्यंतचं लिहितो.

नावाची दुरुस्त प्रत निघायच्या दोन दिवस आधी ईमेलने आली. नावाखाली पासपोर्टप्रमाणे 'ई'. मुंबईत उतरल्यावर आमच्याकडे दोघांचे मिळून ३,३१० डॉलर होते, म्हणजे फॉर्मची गरज नव्हती. तरी मी उभ्या असलेल्या कस्टम्सच्या मुलाला विचारून घेतलं. त्याने आकडा ऐकला आणि "जा काका, काही नाही" म्हणाला.

मागच्या आठवड्यात हिच्या नावाने २,१०० डॉलर बँकेत देऊन पावती घेतली. मीनलताईंकडे वाशीला जाऊन आलो. त्यांनी हिलाच खुर्चीवर बसवून पोर्टलवर खातं उघडायला लावलं, मला बाजूला बसवलं. पासवर्ड हिने स्वतः टाकला आणि मला सांगितलेला नाही.

३१ मार्चचा दर आला की फॉर्म ६७ आणि मग रिटर्न. १०४२-एस, बँकेची पावती आणि बोर्डिंग पासचे तुकडे एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून हिने कपाटात, देवाच्या पोथ्यांच्या शेजारी ठेवलेत. वर पेनाने स्वतःचं नाव आणि पॅन नंबर लिहिलाय.